स्टाउटमधलं चॉकलेट येतं कुठून, आणि बेळगाव भागात ती ताजी कशी मिळवायची

प्रश्न निपाणीहून आला आहे. विचारणारे तिशीतले आहेत. पुण्यात नोकरीला असताना तिथल्या एका ब्रुअरीत, म्हणजे बिअर बनवतात त्या जागी, त्यांनी चॉकलेट स्टाउट ही भाजलेल्या धान्याची काळी बिअर प्यायली, आणि ती चव मनातून गेली नाही. गावी परतल्यावर बेळगावातल्या एका दुकानात त्यांना परदेशी स्टाउटची एक बाटली दिसली. किंमत पाहून दोनदा विचार केला, पण घेतली. घरी उघडली तर वास ओल्या पुठ्ठ्याचा आणि चव सोया सॉससारखी. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. यात खरंच चॉकलेट घालतात का? ती नीट प्यायची कशी? आणि आपल्या भागात चांगला साठा असलेलं दुकान शोधायचं कसं, की सरळ गोव्याहूनच आणायची?

मी अकरा वर्षं बेंगळुरूत बिअर बनवण्याचं काम केलं. आता खानापूर तालुक्यात घरी परतलोय, आणि बेळगावातल्या दोन-तीन दुकानदारांना बिअर कशी साठवावी, कुठली किती मागवावी, हे सांगतो. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत, टाकीकडची आणि काउंटरकडची. खाली जे लिहितोय ते एकवीस वर्षं पूर्ण झालेल्यांसाठीच आहे.

आधी त्या बाटलीबद्दल. ओला पुठ्ठा आणि सोया सॉस ही तुमची तक्रार इतकी नेमकी आहे की बाटली न बघताही सांगता येतं, बिअर शिळी होती. बाटलीत राहिलेला थोडासा ऑक्सिजन महिनोन्महिने काम करत राहतो. फिक्या बिअरमध्ये त्याचा परिणाम पुठ्ठ्यासारखा लागतो, आणि काळ्या बिअरमध्ये त्यावर सोया सॉसची किंवा जुन्या मनुकांची झाक येते. बिअर बनवणाऱ्याने ती कदाचित उत्तमच बनवली असेल. जहाजात, गोदामात आणि दुकानाच्या वरच्या फळीवर तिचे दिवस गेले. हे आधी सांगतोय कारण एका वाईट बाटलीवरून माणसं स्टाउट सोडून देतात. तुम्ही सोडू नका.

आता चॉकलेट. बहुतेक स्टाउटमध्ये चॉकलेट नसतं. चॉकलेट माल्ट असतं, आणि ते नाव रंगावरून पडलेलं आहे. बार्ली, म्हणजे आपले सातू, भिजवायचे, मटकीला आणतो तसे मोड आणायचे आणि गरम हवेत वाळवायचे, की झालं साधं माल्ट. तेच माल्ट मग फिरत्या ड्रममध्ये दोनशे अंशांच्या वर भाजलं की दाणा चॉकलेटच्या रंगाचा होतो, आणि रंगाबरोबर कोको, कॉफी, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा वास येतो. हा ड्रम १८१७ साली लंडनमध्ये डॅनियल व्हीलरने पेटंट केला. त्याच्या आधी पोर्टर नावाची तपकिरी बिअर लंडनमध्ये होतीच, आणि तिच्यातल्या कडक प्रकाराला ‘स्टाउट पोर्टर’ म्हणत. पुढे पोर्टर हा शब्द गळून पडला. डब्लिनला आर्थर गिनेसने १७५९ मध्ये ब्रुअरीसाठी जागा भाड्याने घेतली, तो करार नऊ हजार वर्षांचा होता. पण आज आपण ज्या काळ्याभोर रंगाला स्टाउट म्हणतो, तो या भाजण्याच्या ड्रममुळे शक्य झाला.

हे सगळं मला खरं समजलं ते बेंगळुरूत नव्हे, बेळगावच्या शहापुरात. माझे एक चुलत मामा कुंदा करायचे. लहानपणी पहाटे त्यांच्या भट्टीवर जाऊन बसायचो. कढईत दूध आटत यायचं, साखर पडायची, आणि मग उलथनं थांबायचं नाही. आधी वास नुसत्या दुधाचा, मग बासुंदीचा, मग एकदम खमंग. दाणा सुटायला लागला की मामा बोलायचे बंद व्हायचे. त्या वेळी ते कढईकडे बघत नसत, वास घेत असत. खमंग आणि करपट यांच्यात फार तर दोन-तीन मिनिटं असतात, आणि एकदा करपट वास लागला की अख्खी कढई गेली. दुधातली प्रथिनं आणि साखर यांच्यात उष्णतेने जे घडतं, तेच माल्टच्या ड्रममध्ये घडतं. लुई कामिय मेयार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्याला मेयार्ड अभिक्रिया म्हणतात. बेळगावच्या माणसाला ते नाव ठाऊक नसलं तरी चव ठाऊक आहे. कुंदा पांढऱ्या पेढ्यापेक्षा वेगळा का लागतो, ते ज्याच्या जिभेला कळतं त्याला स्टाउट कळायला वेळ लागत नाही.

ब्रुअरीत कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. चॉकलेट माल्ट साधारण पाच टक्के घालायचं असतं. काळं माल्ट, जे आणखी भाजलेलं असतं, ते अगदी थोडं. मी रंग गडद यावा म्हणून काळं माल्ट वाढवलं. बिअर सुंदर दिसत होती, वर तपकिरी फेस, खाली डांबरासारखा काळा रंग. घोट घेतला आणि जिभेच्या मागे चुलीतली राख. सहाशे लिटर. तेव्हा मामांची कढई आठवली. रंग हा भाजण्याचा पुरावा आहे, चवीचा नव्हे. त्यानंतर मी प्रत्येक पोत्यातले चार दाणे चावून बघूनच काम सुरू करायचो. चांगल्या चॉकलेट माल्टचा दाणा दाताखाली कुरकुरतो, आधी भाकरीच्या खरपूस पापुद्र्यासारखा लागतो, मग न गोड कोकोसारखा, आणि शेवटी थोडा कडू. शेवटचा कडूपणा घशाला चिकटून राहिला तर ते पोतं स्टाउटसाठी नाही.

काही बिअरमध्ये मात्र खरंच चॉकलेट असतं. इंग्लंडची यंग्ज डबल चॉकलेट स्टाउट याचं प्रसिद्ध उदाहरण. नावातलं ‘डबल’ म्हणजे एक चॉकलेट माल्टचं आणि दुसरं खऱ्या चॉकलेटचं. याच्या उलट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीची ब्लॅक चॉकलेट स्टाउट, जी १९९४ मध्ये गॅरेट ऑलिव्हर यांनी पहिल्यांदा बनवली, तिच्यात चॉकलेटचा कणही नाही. सगळी चव भाजलेल्या माल्टची, आणि मद्यार्क दहा टक्के. दोन्हींच्या लेबलवर चॉकलेट हा शब्द आहे. म्हणून लेबलवर नाव नको, घटक वाचा. कोको किंवा चॉकलेट घटकांत लिहिलं असेल तर ते घातलेलं आहे.

कोको घालण्याचंही एक तंत्र आहे. कोकोमध्ये चरबी असते आणि चरबी फेस मारते. त्यामुळे वडी वितळवून ओतता येत नाही. आम्ही भाजलेल्या कोको बियांचे तुकडे आंबवणं संपल्यावर टाकीत आठवडाभर भिजत ठेवायचो. बिया लांबून आणाव्या लागत नव्हत्या. दक्षिण कन्नडमध्ये सुपारीच्या बागांत कोको पिकतो, आणि पुत्तूरला कॅम्पको या सुपारी-कोको उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा १९८६ पासून चॉकलेटचा कारखाना आहे. आपल्याच राज्यातला कोको, आपल्याच राज्यातल्या बिअरमध्ये. त्या टाकीचं झाकण उघडलं की जो वास यायचा, तो अजून नाकात आहे.

लेबलवरचे आणखी काही शब्द ओळखून ठेवा, कारण तुम्हाला पुण्यात काय आवडलं होतं ते त्यावरूनच कळेल. ‘ड्राय’ किंवा ‘आयरिश’ म्हणजे कोरडी, हलकी, कॉफीच्या अंगाची. गिनेसची ड्राफ्ट स्टाउट अशी, आणि ती दिसते जड पण मद्यार्क जेमतेम सव्वाचार टक्के, म्हणजे आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरपेक्षा कितीतरी हलकी. ‘मिल्क’ किंवा ‘स्वीट’ म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, घातलेली. यीस्टला ती पचत नाही म्हणून गोडी बिअरमध्ये शिल्लक राहते. ज्यांना दूध बाधतं त्यांनी ही टाळावी. ‘ओटमील’ म्हणजे ओट घातलेली, तोंडात मऊ. ‘इम्पीरियल’ म्हणजे कडक, मूळ लंडनहून बाल्टिक समुद्रामार्गे रशियाला जायची ती जात. श्रीलंकेची लायन स्टाउट गोडसर आणि कडक, उष्ण प्रदेशातल्या स्टाउटचा चांगला नमुना. तुमच्या वर्णनावरून वाटतं की पुण्यात तुम्ही मिल्क स्टाउट प्यायला होतात, किंवा कोको घातलेली गोडसर.

पिण्याबद्दल मी एकच गोष्ट जोर देऊन सांगेन. बर्फासारखी थंड पिऊ नका.

आपल्याकडे बिअर म्हणजे ‘चिल्ड’ हे इतकं डोक्यात बसलंय की दुकानदार कोमट बाटली द्यायला लाजतो. लागर, म्हणजे आपली नेहमीची फिकी बिअर, थंडच हवी, तिथे वाद नाही. पण चार अंशांवर स्टाउटचा कोको झोपलेला असतो आणि फक्त कडूपणा जागा असतो. साधी स्टाउट आठ ते बारा अंशांवर, कडक असेल तर त्याहून थोडी वर. थर्मामीटर नको. फ्रिजमधून काढा, टेबलावर वीस मिनिटं ठेवा. मे महिन्यात दहा मिनिटं पुरतात. बाटलीवर घाम येऊन तो ओघळायला लागला की उघडा. पेला रुंद तोंडाचा घ्या, भांड्यांच्या साबणाचा तेलकट थर राहिला असेल तर फेस टिकत नाही म्हणून नुसत्या पाण्याने पुन्हा विसळा. तिरका धरून ओता, शेवटी सरळ करा. आधी अर्धाच पेला भरा. नाक आत घालून वास घ्या, घोट घ्या, आणि उरलेली बाटली बाजूला ठेवून दहा मिनिटं गप्पा मारा. मग दुसरा अर्धा ओता. पहिल्या अर्ध्यात कॉफी होती तिथे दुसऱ्यात चॉकलेट सापडेल. हे करून बघितल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवू नका.

काही कॅनमध्ये हलवल्यावर आत एक छोटा प्लास्टिकचा गोळा खडखडतो. तो बिघाड नाही. त्यात नायट्रोजन असतो. कॅन उघडताच तो बाहेर पडून मलईसारखा फेस करतो. असा कॅन थांबत थांबत नव्हे, तर एका दमात ओतायचा आणि बुडबुडे शांत होईपर्यंत थांबायचं.

बरोबर काय खायचं? शेंगदाणे आणि तळलेलं चालतंच. पण झणझणीत मटणाबरोबर कडक, कडू स्टाउट घेऊ नका. मद्यार्क आणि कडूपणा दोन्ही तिखट वाढवतात. तिथे मिल्क स्टाउट बरी, ती सोलकढीसारखं काम करते. कोरड्या स्टाउटबरोबर इंग्लंड-आयर्लंडमध्ये कालवं खायची जुनी पद्धत आहे, आणि कारवार-गोव्याकडून आपल्याकडे कालवं येतात तेव्हा मी ती पद्धत आवर्जून पाळतो. खारटपणा आणि भाजका कडूपणा एकमेकांना उचलून धरतात. इम्पीरियल स्टाउट मात्र जेवणानंतर, छोट्या पेल्यात, एका वाटीत कुंदा घेऊन. गोकाकचा करदंटही चालतो, पण कुंदा तो कुंदा. दोघांचाही जन्म एकाच भाजण्यातून झालाय, ते तोंडात कळतं.

आता दुकानांकडे वळतो, कारण तुमची खरी अडचण इथे आहे.

आपला भाग विचित्र आहे. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वर्तुळात तीन राज्यं, आणि दारूचे तीन वेगळे कायदे. बेळगावात आपण ‘वाईन शॉप’ म्हणतो. शिनोळी ओलांडून चंदगडला गेलात किंवा कोगनोळीवरून कागलकडे, की ‘बिअर शॉपी’च्या पाट्या दिसू लागतात, कारण महाराष्ट्रात फक्त बिअर आणि वाईन विकण्याचा वेगळा परवाना आहे. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात तर सुपरमार्केटमध्ये साबणाच्या पलीकडच्या रॅकवर बिअर. आपला माणूस हे तिन्ही बघतो आणि म्हणतो, तिकडे मिळतं ते इकडे का नाही? मग राग बेळगावच्या दुकानदारावर निघतो.

दुकानदाराचा दोष बहुतेक वेळा नसतो. कर्नाटकात २००३ पासून सगळी दारू राज्याच्या बेव्हरेजेस कॉर्पोरेशनच्या डेपोमार्फतच दुकानात येते. ज्या कंपनीने कर्नाटकात आपलं लेबल मंजूर करून घेतलेलं नाही, तिची बाटली बेळगावातला कुठलाही दुकानदार कायद्याने ठेवूच शकत नाही, मग ती कोल्हापुरात ढिगाने का मिळेना. म्हणून दुकानात जाऊन “अमुक ब्रँड का ठेवत नाही?” असं विचारू नका. “डेपोला कुठली स्टाउट आहे का?” असं विचारा. या एका प्रश्नाने दुकानदाराला कळतं की समोरच्याला धंदा समजतो, आणि तो वेगळ्या सुरात बोलायला लागतो.

कर्नाटकात दुकानं मुख्यतः तीन तऱ्हेची. सीएल-२ परवान्याची किरकोळ दुकानं, ज्यांना लोक एमआरपी दुकान म्हणतात. एमएसआयएल या सरकारी कंपनीची दुकानं. आणि सीएल-९ म्हणजे बार. स्टाउट शोधायला पहिल्या प्रकाराकडे जा. एमएसआयएलमध्ये भाव चोख, पण साठा रोजच्या खपाचा. बारमध्ये फ्रिज चांगला असतो, पण तिथे बाटली हातात घेऊन तारीख वाचत बसणं जमत नाही.

चांगलं दुकान कुठलं? शंभर जातींची बिअर मांडलेलं दुकान बघून मीही पूर्वी हरखायचो. आता पहिली शंका घेतो. चांगलं दुकान म्हणजे जिथे माल हलतो ते. वीसच जाती असतील, पण प्रत्येक जात महिन्याभरात संपून नवी येत असेल, तर ते दुकान शंभर जातींच्या धूळ खाणाऱ्या दुकानापेक्षा स्टाउटसाठी कितीतरी चांगलं. बिअर शिळी होण्याचा वेग दर दहा अंश उष्णतेला ढोबळमानाने दुप्पट होतो. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या गोदामात दोन महिने पडलेली बाटली आणि फ्रिजमध्ये दोन महिने राहिलेली बाटली यांची तारीख एकच असते, वय एक नसतं.

मी नव्या दुकानात गेलो की काय बघतो ते सांगतो. संध्याकाळी सात ते नऊ जात नाही, त्या गर्दीत कोणी धड उत्तर देत नाही. सकाळी अकराच्या सुमारास जातो. आपल्याकडे बऱ्याच दुकानांना लोखंडी जाळीचं काउंटर असतं, आत जाता येत नाही. त्यामुळे जाळीतूनच बघायचं. काचेवर थेट ऊन पडतंय का? हिरव्या आणि पारदर्शक बाटल्यांतली बिअर उन्हात काही तासांत खराब वास धरते, तपकिरी बाटली बरीच वाचते, पण उष्णतेपासून नाही. बिअरचा साठा फ्रिजमध्ये किती, बाहेर किती? नवीन खोका आला की तो पोरगा जुन्या बाटल्या पुढे ओढतो की नव्या पुढे ठेवून जुन्या मागे ढकलतो? ही शेवटची गोष्ट दोन मिनिटं उभं राहिलं की दिसते आणि दुकानाबद्दल सगळं सांगून जाते.

मग बाटली मागायची, “जरा तारीख बघू द्या.” कोणी आढेवेढे घेतले तर तिथून निघतो. भारतात भरलेल्या बाटलीवर उत्पादनाचा महिना आणि किती महिन्यांत प्यावी ते असतं. आयात बाटलीवर आयातदाराची चिकटपट्टी असते, पण ती आयातीची तारीख सांगते. मूळ तारीख मानेवर, मागच्या लेबलच्या कडेला किंवा कॅनच्या बुडाला छापलेली असते. युरोपात आधी दिवस मग महिना, अमेरिकेत आधी महिना मग दिवस. ५ मार्च आणि ३ मे यात दोन महिन्यांचा फरक पडतो, तेव्हा ब्रुअरीचा देश बघून वाचा. झाकणाच्या कडेला गंजाचं वर्तुळ, मानेतली पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली, उलटी केल्यावर आत पांढऱ्या पापुद्र्यांचा पाऊस, कॅनचं बूड फुगलेलं, यांतलं काहीही दिसलं तर परत द्या.

बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला एका दुकानात मी गेल्या पावसाळ्यात असाच उभा होतो. वरच्या फळीवर एका स्टाउटच्या सात बाटल्या, खांद्यावर बोटभर धूळ. मालक जुने, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी म्हटलं, “मामा, ही जात हलत नाही काय ओ?” ते म्हणाले, “हाय की, पण कोण नेतंय? एक पोरगा यायचा, बदली होऊन गेला. आता खोका फोडला की बावीस माझ्या डोक्यावर.”

सगळं गणित त्या वाक्यात आहे. डेपोतून एक-एक बाटली मिळत नाही, खोकाच उचलावा लागतो. लहान बाटल्यांच्या खोक्यात चोवीस, मोठ्या ६५० मिलीच्या खोक्यात बारा. दोन बाटल्या विकल्या आणि बावीस उरल्या की दुकानदार पुन्हा त्या जातीकडे बघत नाही. त्यामुळे निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर या पट्ट्यातल्या कोणालाही मी हेच सांगतो, दुकान शोधू नका, दुकान तयार करा. स्टाउट आवडणारे चार-पाच जण जमवा. एकाच दुकानात जा. मालकाला सांगा, “खोका मागवा, आठवड्याच्या आत आम्ही पाच जण मिळून उचलतो.” आणि शब्द पाळा, हे महत्त्वाचं. तो माल दुकानात फळीवर चढतच नाही, डेपोतून येतो आणि तुमच्याकडे जातो, म्हणजे ताजेपणाचा प्रश्नच संपतो. टिळकवाडीच्या त्या मामांकडे आता दर दीड-दोन महिन्यांनी एक खोका येतो, आणि कोणाला वाढीव दोन बाटल्या हव्या असल्या तर ते स्वतः फोन करून विचारतात.

बेंगळुरूला जाणं होत असेल तर फार बरं. तिथे ब्रुअरीतच बसून ताजी स्टाउट पिता येते. तिथल्या टॉइटसारख्या जागा २०१० पासून चालू आहेत. पुण्यात डूलालीने २००९ मध्ये मायक्रोब्रुअरी, म्हणजे छोटी ब्रुअरी, सुरू केली, ती देशातल्या पहिल्या काहींपैकी एक. ब्रुअरीत गेलात की आधी चाखायला छोटा पेला मागा आणि ही स्टाउट टाकीत कधी भरली ते विचारा. स्टाउट दर वेळी नसते, पावसाळ्यात आणि थंडीत मिळण्याची शक्यता जास्त.

गोव्याबद्दल स्पष्ट लिहितो. तिथे साठा मोठा आहे, भाव कमी आहेत, आर्बरसारख्या कंपन्या तिथे कॅन भरतात, आणि म्हापसा-पणजीच्या मोठ्या दुकानांत खप असल्यामुळे माल ताजाही असतो. तिथे जा, तिथे प्या, रात्री तिथेच मुक्काम करा. पण डिकीत भरून चोर्ल्यातून परत येऊ नका. बाटलीवर गोव्यातच विक्रीसाठी असं छापलेलं असतं, आणि परवान्याशिवाय ती कर्नाटकात आणणं गुन्हा आहे. कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या उघडून बघतात. माझ्या ओळखीतल्या एकाची गाडी सहा बाटल्यांसाठी अडकली, आणि ती सोडवायला त्याला जो खर्च व धावपळ झाली त्यात तो दोनदा बेंगळुरूला जाऊन आला असता. शिवाय घाटात, धुक्यात, पिऊन गाडी चालवायची ही कल्पनाही करू नका. बिअर शॉपीतून इकडे बाटल्या आणण्यालाही हाच नियम. महाराष्ट्रात तर पिण्यासाठी परवानाही लागतो, तो दुकानातच काढून घ्या.

घरी आणलेली बाटली उभी ठेवा, आडवी नाही. फ्रिजच्या दारात नको, तिथे सतत हलते आणि गरम-थंड होते. खालच्या कप्प्यात, मागे. साधी चॉकलेट स्टाउट महिन्याभरात संपवा, जपून ठेवल्याने ती सुधारत नाही. नऊ-दहा टक्क्यांच्या वरची इम्पीरियल मात्र थंड आणि अंधाऱ्या जागी वर्ष-दोन वर्षं ठेवता येते. तिचा टोकदारपणा कमी होऊन खजूर-मनुकांची गोडी येते. आमच्या जुन्या घरात मातीच्या भिंतींची एक आतली खोली आहे, उन्हाळ्यातही गार. तिथे माझ्या तीन बाटल्या आहेत, प्रत्येकीच्या मानेला आणल्याची तारीख लिहिलेला दोरा बांधलाय.

तुम्ही आधी ती रिकामी बाटली किंवा तिचा फोटो असेल तर तिची मूळ तारीख शोधून मला पाठवा, ती किती शिळी होती ते सांगतो. आणि निपाणीत स्टाउट पिणारे आणखी दोघे जरी मिळाले तरी कळवा. पुढचा खोका दिवाळीच्या आधी मागवायचा आहे, तुमच्या वाट्याच्या सहा बाटल्या टिळकवाडीच्या मामांना सांगून बाजूला ठेवता येतील.